काही होत नाही गं

मावशीचा फोन आला तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरलेला, म्हणजे मान एका बाजूला कलंडलेली. मानदुखीवर बोलायला याहून चुकीचा अवतार नसेल. मावशीची मान दोन आठवडे आखडली होती, मागून डोक्यापर्यंत कळ जायची. "तुला पाठीला गुण आला होता ना, तो कोण तो, कायरो..." "कायरोप्रॅक्टर." "हां, तोच, हातानं मणके दाबणारा. तो म्हणे मानही मोडतो. सुनेनं व्हिडिओ दाखवला. बघूनच अंगावर काटा आला गं. काही होत नाही ना?" मी उशीच्या अभ्र्याची टोकं जुळवत होते. "छे गं," म्हटलं, "काही होत नाही."

फोन ठेवला, घड्या संपल्या, कपडे कपाटात गेले. वाक्य तेवढं बाहेर राहिलं. रात्री दिवा मालवल्यावर ते पुन्हा ऐकू आलं, माझ्याच आवाजात, त्याच बेफिकीर सुरात. काही होत नाही. हे मला कुणी सांगितलं होतं?

तसं पाहिलं तर माझ्या पाठीनं सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तशीच राहिले. उसण भरणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत शोधायची, कूस बदलायची तर चार टप्प्यांत. आठ दिवस शेक झाला, गोळ्या झाल्या, मलम झालं. नवव्या दिवशी ऑफिसातल्या एकीनं नंबर दिला. त्या खोलीतलं मला अजून सगळं आठवतं. पालथं पडायचं टेबल, तोंडासाठी त्याला भोक, भोकाभोवती चुरचुरणारा कागद, आणि भोकातून दिसणारे फक्त त्याचे बूट. ते बूट डावीकडून उजवीकडे जाताना बघत मी पडून होते. हात कोमट आणि कोरडे. अंगठा एकेक मणका दाबत खाली आला आणि दुखत होतं नेमका तिथं थांबला, मी तोंड उघडायच्या आधी. मग मला कुशीवर घेतलं, वरचा पाय दुमडला, खांदा एकीकडे, कंबर दुसरीकडे. "श्वास सोडा." सोडला. कट्ट. एकच नाही, ओळीनं तीन-चार, सुक्या काटक्या मोडाव्यात तशा. दुखलं नाही. दचकले मात्र, आणि दचकून झाल्यावर हसू आलं. उठून उभी राहिले ती सरळ. निघताना बुटाची नाडी मी स्वतः बांधली.

त्या कट्टनं माझी खात्री पटली. बाकी कशानंच नाही.

याचं थोडं श्रेय आपल्या बोलण्यालाही द्यायला हवं. आपल्या बोलण्यात पाठीतलं सामान सतत हललेलं असतं. मणका सरकतो, गादी बाहेर येते, शीर दबते, नस चढते. ऐकणाऱ्याला वाटावं, आत कुणीतरी घर बदलतंय. मग कुणी दाबलं आणि आतून कट्ट असा आवाज आला की मन आपोआप म्हणतं, बसला एकदाचा जागेवर. ही चूक करणारी मी पहिली नाही. कायरोप्रॅक्टिकचा जन्मच तिच्यातून झाला. १८ सप्टेंबर १८९५ला अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डॅव्हेनपोर्ट गावी, डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या चुंबकीय उपचार करणाऱ्या गृहस्थानं त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्डची पाठ दाबली. लिलार्डला नीट ऐकू येत नसे. पामरला त्याच्या पाठीत एक उंचवटा सापडला, तो त्यानं दाबून बसवला, आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं म्हणतात. ऐकण्याची शीर कानातून कवटीतल्या कवटीतच मेंदूला जाते, पाठीच्या वाटेला ती जात नाही. पण पामर थांबला नाही. शंभरातले पंचाण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, इथवर तो पोचला. या सरकण्याला त्यानं सबलक्सेशन म्हटलं. त्याच्या अर्थाचं सबलक्सेशन अजून कुणाला एक्सरेत भरवशानं दाखवता आलेलं नाही, आणि आजच्या कित्येक कायरोप्रॅक्टरांनीही ती कल्पना सोडून दिली आहे. कित्येकांनी अजून सोडलेली नाही, हेही खरं.

मग तो आवाज कसला? सांध्यात वंगणासारखा द्राव असतो. सांधा झटक्यानं ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रावात वायूची पोकळी तयार होते. १९७१मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी सांगितलं होतं की बुडबुडा फुटतो त्याचा हा आवाज. २०१५मध्ये कॅनडात एमआरआयच्या आत एका माणसाची बोटं एकेक करून ओढली, तेव्हा दिसलं ते उलटंच: आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होत होती आणि आवाजानंतरही ती तिथंच होती. वाद पुरता मिटलेला नाही, पण दोन्ही मतांत काही जागेवर बसत वगैरे नाही. बोटं मोडल्यावर तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं थांबावं लागतं, ते या वायूमुळे. बोटं मोडली की सांधे जातात, हे मला लहानपणी रोज ऐकावं लागे. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरलाही आईनं हेच सांगितलं होतं. त्यानं साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि शेवटी दोन्ही हात सारखेच धडधाकट निघाले. २००९चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं त्याला. आईला खोटं पाडण्यासाठी साठ वर्षं! हा माणूस मला फार आवडतो.

त्या रात्री मी वाचत बसले ती दोन वाजेपर्यंत. आवाज येण्याचा आणि बरं वाटण्याचा फारसा संबंध नाही, असं दाखवणारे अभ्यास सापडले. ज्या मणक्यावर नेम धरला तोच वाजतो का, हे पाठीला कंपनं टिपणारे सेन्सर लावून तपासलं तेव्हा नेम साधारण निम्म्या वेळाच लागला होता. माझ्या पाठीतल्या त्या तीन-चार काटक्या नेमक्या कुठल्या होत्या, देव जाणे.

पण आवाज बाजूला ठेवला तरी मला बरं वाटलं होतं हे उरतंच. त्याचं काय? कंबरदुखीवर या उपचाराच्या चाचण्या थोड्याथोडक्या नाहीत. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतात, एकाला हा उपचार, दुसऱ्याला दुसरा. २०१७मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानं नव्यानं उद्भवलेल्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या. फायदा दिसला. किती, तर वेदनेच्या १०० मिलिमीटरच्या पट्टीवर सरासरी १० मिलिमीटर. हा आकडा वाचून नीट कळेना म्हणून मी विजेच्या बिलाच्या पाठीवर पट्टीनं दहा सेंटिमीटरची रेघ ओढली. डाव्या टोकाला 'मुळीच नाही', उजव्या टोकाला 'असह्य'. त्या नवव्या दिवशी मी कुठं होते ते आठवून साठवर फुली मारली. एक सेंटिमीटर मागे सरकून दुसरी फुली. दोन फुल्यांमध्ये करंगळीचं नख मावलं. एवढंच. पण साठच्या ठिकाणी उभं असलेल्या माणसाला ते नखही नको असतं असं नाही.

जुन्या, महिनोन्महिने मुरलेल्या कंबरदुखीचं चित्र असंच. २०१९चा एक मोठा आढावा, ४७ चाचण्या, ९,२११ माणसं. निष्कर्ष असा की हा उपचार व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकाच चालतो. यात कुणाच्या बाजूनं टाळ्या वाजवाव्या कळत नाही. निंदकांना वाटतं तसा तो निव्वळ भोंदूपणा नाही, भक्तांना वाटतो तसा चमत्कारही नाही. मला सगळ्यात जास्त छळलं ते १९९८च्या एका अमेरिकन चाचणीनं. कंबरदुखीची ३२१ माणसं. काहींना कायरोप्रॅक्टर, काहींना फिजिओथेरपी, आणि उरलेल्यांच्या हातात नुसती एक माहितीपुस्तिका. पुस्तिकावाल्यांपेक्षा बाकीच्यांना जरासंच अधिक बरं वाटलं. पण उपचाराबद्दल काय वाटतं विचारलं, तेव्हा हात लागलेल्यांतले सुमारे ७५ टक्के म्हणाले चांगला किंवा उत्तम, पुस्तिकावाले सुमारे ३० टक्केच. म्हणजे पाठी जवळजवळ सारख्याच बऱ्या झाल्या, माणसं मात्र सारखी खूश झाली नाहीत.

'त्यांच्या हाताला गुण आहे' असं आपण म्हणतो. मी हे वाक्य आजवर कौतुक म्हणून वापरत आले. आता वाटतं, त्यात संशोधनाचा अख्खा पेच आहे. गुण हाताचा, दाबण्याचा, की नवव्या दिवसाचा? उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि माणूस उपचाराला जातो तो कळ सगळ्यात वाढली असताना. त्यानंतर काहीही केलं तरी उतारच असतो. औषधाच्या चाचणीत हे ओळखायला साखरेची गोळी देता येते. हाताच्या दाबाला साखरेची गोळी कुठून आणायची? नॉर्वेतल्या काही जणांनी ती आणली. अर्धशिशीचे १०४ रुग्ण घेतले. एका गटाला खरा उपचार, दुसऱ्याला लुटुपुटूचा, म्हणजे खांद्याच्या पात्यापाशी, ढुंगणावर, मणक्याला न पोचणारे धक्के, आणि तिसऱ्याचं नेहमीचं औषधपाणी तेवढं चालू. बारा वेळा जाऊनही दोन्ही गटांतल्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांना आपल्याला खराच उपचार मिळतोय असं वाटत होतं. डोकं दुखण्याचे दिवस दोन्ही गटांत कमी झाले, आणि खऱ्या-खोट्यात फरक सापडला नाही. हे २०१७मध्ये छापून आलं. मी ते वाचून मागे टेकले. त्या भोकातून दिसणारे बूट, कोमट हात, बरोबर जागी थांबलेला अंगठा, हे सगळं लुटुपुटूच्या गटातही होतंच की.

दम्याच्या मुलांवरही असा प्रयोग झाला आहे. १९९८मध्ये, कॅनडात, ८० मुलं. खरा आणि खोटा, दोन्ही उपचारांनी मुलांना सारखंच बरं वाटलं, फुप्फुसांत फरक पडला नाही. तरी दमा, पोटात दुखून रडणारी तान्ही बाळं, असल्या गोष्टींसाठी हा उपचार आजही कुठं ना कुठं विकला जातो, आणि इथं माझी सहानुभूती संपते. २००८मध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकानं नेमकं हेच लिहिलं तर ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेनं त्याच्यावर बदनामीचा दावा लावला. दोन वर्षांनी तो मागे घ्यावा लागला. दुसरी बाजू धुतल्या तांदळाची होती असंही नाही. अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेनं कायरोप्रॅक्टिकवर घातलेला बहिष्कार बेकायदा होता, असं तिथल्या न्यायालयानं १९८७मध्ये ठरवलं. पाठी जगभर दुखत राहिल्या.

आता मान. यासाठीच तर मी वाचायला बसले होते, आणि नेमकी हीच पानं मी शेवटपर्यंत ढकलत होते.

मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या त्यातल्या वरच्या सहा मणक्यांच्या भोकांतून, सुईतून दोरा ओवावा तशा, वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्यावर वळसा घेऊन कवटीत शिरतात. त्या वळशाचं चित्र मी बराच वेळ पाहत बसले. मान झटक्यानं वळली तर ताण तिथं येतो. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली की तिथं रक्त साकळतं, गुठळी होते, आणि ती वर गेली तर पक्षाघात. असं मान मोडून घेतल्यानंतर झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. क्वचितच आहेत, पण तरुण माणसांच्या आहेत.

मग मान मोडल्यानंच झालं का? इथं प्रकरण जिलेबीसारखं वळतं. २००८मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या नऊ वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दहा कोटींहून अधिक व्यक्ति-वर्षांत (माणसं गुणिले वर्षं) या जातीचे पक्षाघात ८१८. पंचेचाळिशीच्या आतल्या रुग्णांत, पक्षाघातापूर्वी कायरोप्रॅक्टरकडे गेलेले खरंच जास्त निघाले. पण साध्या फॅमिली डॉक्टरकडे गेलेलेही तेवढेच जास्त निघाले, आणि तो काही मान मोडत नाही. संशोधकांनी लावलेला अर्थ असा की अस्तराला चीर आधीच पडलेली असते. तिनंच मान दुखते, डोकं दुखतं, म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हे आपण योगायोगाला म्हणतो. इथं फांदी आधीपासून मोडत आली होती आणि म्हणूनच कावळा तिथं गेला. मला हुश्श झालं, खोटं कशाला बोलू. काही मिनिटंच. कारण लगेच दुसरा विचार आला की आधीच चिरलेल्या फांदीवर कुणी झटका दिला, तर? २०१४मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग आणि पक्षाघाताच्या संघटनांनी मिळून जे म्हटलं ते याच काठावर आहे. संबंध दिसतो, कारण सिद्ध झालेलं नाही, पण मानेला हात लावण्याआधी रुग्णाला हे सांगा. सांगा, एवढंच. आणि मी काय सांगितलं होतं?

त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. २०१२च्या एका पाहणीत कायरोप्रॅक्टिकच्या ६० चाचण्या नुसत्या एवढ्यासाठी चाळल्या होत्या की त्रास काय काय झाला हे त्यांत लिहिलंय का. २९ चाचण्यांत त्रासाचा शब्दच नव्हता. झाला नाही असंही लिहिलेलं नाही. विचारलंच नसावं, किंवा विचारून कागदावर घेतलं नसावं. हे वाचून मी त्या चाचण्या करणाऱ्यांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले, आणि सुनावता सुनावता आठवलं. त्या नाडी बांधलेल्या दिवसानंतरची सकाळ. पाठ कुटून काढल्यासारखी ठणकत होती, डोकं जड, ऑफिसला दांडी मारली होती. दुसऱ्या दिवशी ते गेलं आणि मी ते साफ विसरले. तीन वर्षांत ही गोष्ट पंधरा-वीस जणांना सांगितली असेन. काटक्या, बूट, नाडी सगळं येतं, ती सकाळ येत नाही. उपचारानंतर एखाद दिवस असं ठणकणं निम्म्याहून अधिक लोकांना होतं, कंबरदुखीच्या २६ चाचण्यांच्या त्याच आढाव्यात आहे. म्हणजे अगदी सर्वसाधारण. पण मावशीनं विचारलं होतं, काही होत नाही ना, आणि झालं होतं.

मी तिसावी चाचणी.

मावशीला लगेच फोन केला नाही. चार दिवस गेले. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं. घाईघाईत दिलेला शब्द परत मागायला जातानाची ती ओशाळी चालढकल. चौथ्या संध्याकाळी लावला.

"गेलीस का गं?"

"नाही अजून. शनिवारी बोलावलंय."

सांगून टाकलं. पाठीचं असतं तर म्हटलं असतं, हवं तर जाऊन ये, फार मोठी आशा ठेवू नकोस, दुसऱ्या दिवशी ठणकेल. मानेला मात्र झटका देऊ देऊ नकोस. आधी डॉक्टरला दाखव, मग व्यायाम, शेक. धमनीचं सांगितलं, भोकांचं सांगितलं, सुई-दोऱ्याचंही.

"अगं पण तूच म्हणालीस ना काही होत नाही."

"म्हणाले होते. उगाच म्हणाले."

"आणि होतं ते किती जणांना?"

"फार क्वचित."

"मग त्यात मीच सापडायचेय होय?" तिला हसू येत होतं. यावर माझ्याकडे एकही आकडा कामाचा नव्हता. बिलाच्या पाठीवरची रेघ समोरच पडली होती, दोन फुल्यांची. तिचा इथं काय उपयोग.

"मावशी, एक सांग," मी म्हटलं. "हे दुखणं तुझं नेहमीचंच आहे, की या वेळी काही वेगळं आहे? आधी कधी असं दुखलंच नव्हतं, असं काही? चक्कर येते? एकाचे दोन दिसतात? चालताना तोल जातो, बोलताना जीभ जड होते?"

पलीकडे शांत झालं. हसणं थांबलं होतं. हे तिला दोन आठवड्यांत कुणीच विचारलं नसावं, मी तर नाहीच.

"थांब हं," ती म्हणाली, "बघून सांगते." दुखणं जणू आतल्या खोलीत ठेवलं होतं. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, मग तिच्या चपला. मी फोन हातात धरून, मान सरळ ठेवून, ती पावलं ऐकत राहिले.